तक्रार, तकरार आणि खाकीतली कडक बाई

पोलीस ठाण्यात टेबलामागे बसलेली बाई कशी असावी, याची आपल्या टीव्हीने गेल्या पस्तीस वर्षांत बरीच उत्तरं दिली. कधी ती आदर्श होती, कधी विनोदी, कधी साहेबांच्या मागे उभी राहून फाइल पुढे करणारी. मला मात्र 'दहाड'मधली अंजली भाटी या सगळ्यांपेक्षा जवळची वाटली. ती फारशी हसत नाही, तोडून बोलते, चिडते. पण हरवलेल्या मुलीचा गरीब भाऊ समोर आला की त्याला हाकलत नाही. मालिकेचा सगळा तपास त्या न हाकलण्यातून सुरू होतो.

वेबसिरीज म्हटलं की आमच्याकडे लगेच कपाळाला आठ्या पडतात. "मॅडम, तुम्हीसुद्धा हे बघता?" बघते. सगळ्या बघण्यासारख्या नसतात आणि 'दहाड'ही मुलांसोबत बसून बघायची मालिका नाही. पण तिने एक प्रश्न विचारला आहे आणि तो अंबाडी नाक्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही बाईचा आहे: माझी मुलगी हरवली तर माझं ऐकून कोण घेणार?

आधी जुन्या बायकांकडे बघू. १९८९ साली दूरदर्शनवर 'उडान' आली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंहची भूमिकाही स्वतःच केली. ही गोष्ट त्यांच्या बहिणीवरून, कंचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावरून सुचलेली. किरण बेदींनंतरच्या त्या देशातल्या दुसऱ्या महिला आयपीएस अधिकारी. पुढे २००४ साली त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. एखाद्या राज्याच्या पोलीस दलाच्या प्रमुखपदी बाई बसली, ती तेव्हा पहिल्यांदाच. गंमत म्हणजे याच कविता चौधरी सर्फच्या जाहिरातीतल्या 'ललिताजी' होत्या. भाजीवाल्याशी ठामपणे बोलणारी, पैन् पैचा हिशेब ठेवणारी, कुणाच्या गोड बोलण्याला न भुलणारी ललिताजी! माझ्या पिढीच्या मुलींनी कडक बाई पहिल्यांदा पाहिली ती साबणाच्या जाहिरातीत आणि मग खाकी वर्दीत. बाई तीच होती.

'उडान'मधली कल्याणी मोठी होत जाते, तिचा लढा घरापासून सुरू होतो. म्हणून ती मालिका नुसती पोलिसांची नव्हती. त्यानंतर मात्र हा धागा तुटला. १९९८पासून वर्षानुवर्षं चाललेल्या 'सीआयडी'त बायका होत्या, पण लक्षात राहिले ते शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न आणि दरवाजा तोडणारा दया. २००६मध्ये सब टीव्हीवर 'एफआयआर' आली. कविता कौशिकची चंद्रमुखी चौटाला कडक होती, पण तो कडकपणा हसवण्यासाठी होता. आरोपीला कानफटात मारली की लोक टाळ्या वाजवत. मराठीत स्टार प्रवाहच्या 'लक्ष्य'मध्ये अदिती सारंगधर दिसली. झी मराठीवर २०१४मध्ये मयूरी वाघची 'अस्मिता' आली, खाजगी गुप्तहेर. घरातल्या बायांनी आवडीने पाहिली ती. पण अस्मिताला सगळ्यांना आवडून घ्यावं लागायचं. मराठी मालिकेतल्या नायिकेला चिडण्याची परवानगी सासूच्या भूमिकेत गेल्यावरच मिळते.

परदेशात या जातीची बाई जुनी आहे. इंग्लंडमध्ये आयटीव्हीवर २०११पासून २०२५पर्यंत 'वेरा' चालली. अॅन क्लीव्ह्ज यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली ही मालिका. ब्रेंडा ब्लेथिनने साकारलेली ती वयस्कर, एकटी राहणारी अधिकारी, डोक्यावर चुरगळलेली टोपी, अंगात जुना रेनकोट, हाताखालच्या पोरांवर सतत खेकसणार. आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याच्यासमोर बसली की आवाज खाली येणार, आपण 'बाळा' म्हणतो तशा सुरात बोलणार. ती सुंदर दिसावी असा कुणाचा हट्ट नाही, तिचं लग्न व्हावं अशीही कुणाला घाई नाही.

आपल्याला ही बाई परकी आहे का? अजिबात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली जुनी सिस्टर आठवा. "आत्ता आलीस? नवव्या महिन्यात?" असं गावभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडणारी आणि मग रात्रभर त्या पोरीच्या उशाशी बसणारी. वाड्याच्या एसटीतली कंडक्टर बाई आठवा. पोरांना दटावून म्हातारीला जागा करून देणारी. आमच्या कोकण पट्ट्यात अशा माणसाला फणस म्हणतात. म्हणजे गावात ही बाई होतीच. टीव्हीने तिला आजवर मुख्य भूमिका दिली नव्हती, इतकंच.

मे २०२३मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेल्या, रीमा कागती आणि झोया अख्तर यांच्या 'दहाड'ने ती दिली. राजस्थानातल्या मंडावा गावातली सबइन्स्पेक्टर अंजली भाटी. सोनाक्षी सिन्हाकडून इतकी साधी, आवरलेली भूमिका मला अपेक्षित नव्हती. अंजली दलित आहे. ती बाजूने गेली की ठाण्यातला एक कर्मचारी अगरबत्ती लावतो. एका मोठ्या घराच्या उंबरठ्यावर तिला जातीवरून अडवलं जातं आणि ती कायद्याच्या जोरावर आत जाते. घरी आई लग्नासाठी स्थळं दाखवत राहते. अशी बाई गोड बोलून कशी चालेल? तिचा रुक्षपणा हा स्वभाव नाही, ते तिचं चिलखत आहे. वर्गात पहिल्या वर्षी गेलेल्या प्रत्येक तरुण शिक्षिकेला हे चिलखत माहीत असतं.

आता मूळ मुद्दा. मालिकेच्या सुरुवातीला दोन मुली घर सोडून गेलेल्या आहेत. एक ठाकुरांची, मुसलमान मुलाबरोबर. तिच्यासाठी गाव पेटतं, संघटना ठाण्यावर येतात, पोलिसांवर वरून दबाव येतो. दुसरी दलित घरातली. तिचा भाऊ तक्रार घेऊन हेलपाटे घालतो, पण कुणी लक्ष देत नाही. हे सगळं तो बघतो. आणि मग तोही सांगतो की माझ्या बहिणीलाही मुसलमानानेच पळवलं. झालं, यंत्रणा हलते! मुलगी तीच, भाऊ तोच. फक्त खोटं एक नाव घातलं आणि कागद टेबलावरून पुढे सरकला.

हा प्रसंग पाहून मला राग आला असं म्हणणं सोपं आहे. पण मला त्या भावाचा राग आला नाही. त्याने आपल्या समाजाचं व्याकरण बरोबर ओळखलं होतं. गरिबाची मुलगी हरवली तर ती बातमी नाही, मुसलमानाचं नाव आलं की बातमी. यात मुसलमानाची बदनामी आहे हे तर दिसतंच, पण त्या मुलीचाही अपमान आहे. तिला शोधण्यासाठी ती स्वतः पुरेशी नव्हती. अंजली हे खोटं ओळखते, आणि तरीही त्या मुलीची फाइल बंद करत नाही. तिची माणुसकी मला इथे दिसली. खोटं बोलणाऱ्यावर ती चिडते, पण हरवलेल्या मुलीवर तो राग काढत नाही.

पुढे उलगडतं की अशा अनेक मुली वेगवेगळ्या गावांतून गेल्या आहेत आणि सार्वजनिक शौचालयांत मेलेल्या सापडल्या आहेत. लग्नाचं वय उलटलेल्या, हुंड्यापायी घरी बसलेल्या. त्यांना हुंडा न घेता लग्नाचं वचन देणारा माणूस भेटला. हा माणूस शिक्षक आहे. मुलींच्या कॉलेजात हिंदी शिकवणारा, सुट्टीच्या दिवशी गाडीत पुस्तकं भरून खेड्यातल्या मुलांपर्यंत जाणारा. मालिका हे फार वेळ लपवत नाही. मी शिक्षिका आहे, म्हणून हे जास्त टोचलं. आपल्यावर लोक चटकन विश्वास ठेवतात, ही शिक्षकाची कमाई असते आणि जबाबदारीही. आणि हे नुसतं कल्पनेतलं म्हणून सोडताही येत नाही. कर्नाटकात 'सायनाइड मोहन' म्हणून ओळखला गेलेला गुन्हेगार प्राथमिक शिक्षकच होता. त्यानेही लग्नाच्या आशेवर असलेल्या मुलींनाच जाळ्यात ओढलं होतं.

इतक्या मुली मरेपर्यंत कुणाला कळलं कसं नाही? कारण बहुतेक घरच्यांनी तक्रारच केली नव्हती. "पळून गेली" हे दोन शब्द बोलून त्यांनी दार लावून घेतलं होतं. आणि ज्यांनी केली, त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठाण्यांच्या कपाटांत पडून राहिल्या. आपल्याकडेही मुलगी अठराच्या आतली असेल तर अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. अठरा पूर्ण झाली असेल तर ती 'मिसिंग'. नोंद होते, गुन्हा नाही. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने जाऊ शकते, हे तत्त्व बरोबरच आहे. पण त्या तत्त्वाच्या आड "जाऊ दे, गेली असेल कुणाबरोबर" हा आळस लपायला जागा मिळते.

इथे मला राजस्थान सोडून आमच्या बाजूला यावं लागेल. अंबाडीहून वज्रेश्वरीच्या रस्त्याने पुढे गेलं की वसई लागते. वसईच्या श्रद्धा वालकरचं नाव विसरणं शक्य नाही. मे २०२२मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, नोव्हेंबरमध्ये तिच्या जोडीदाराला, आफताब पूनावालाला, अटक झाली आणि दिल्लीच्या न्यायालयात त्याच्यावर खटला उभा राहिला. सगळ्या देशाने त्या खुनाचे तपशील चघळले. मला त्यातला एकच तपशील पुरेसा आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये, म्हणजे खुनाच्या दीड वर्ष आधी, श्रद्धाने तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. तो मला मारतो, मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असं तिने स्वतः लिहिलं होतं. नंतर तिने वाद मिटल्याचं लिहून दिलं आणि प्रकरण थांबलं.

त्या वेळी आमच्या मोहल्ल्यात लोक गप्प झाले होते. आरोपीचं नाव आपल्यातलं, म्हणून. काही जण म्हणाले, या विषयावर बोलूच नका. मला हे पटलं नाही. ज्याने हे केलं त्याला कायद्याने मिळेल ती कठोर शिक्षा व्हावी, हे सांगायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज काय? खुन्याचं नाव आपल्यासारखं असलं म्हणून तो आपला होत नाही, आणि मेलेली मुलगी परकी होत नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही बघा. त्या पत्रातून सरकारने काय धडा घेतला? १३ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमण्याचा शासन निर्णय काढला. टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत त्यातून 'आंतरजातीय' हा शब्द काढला, 'आंतरधर्मीय' ठेवला. म्हणजे मारहाण सोसणाऱ्या बाईच्या कागदाचं पुढे काय झालं, हा प्रश्न बाजूला पडला आणि नवऱ्याचा धर्म कोणता हा प्रश्न पुढे आला. 'दहाड'मधल्या भावाने जे व्याकरण ओळखलं होतं, तेच हे. एखादी बाई "तो मला मारून टाकील" असं लिहून देते आणि काही दिवसांनी "आता काही तक्रार नाही" असंही लिहून देते, तेव्हा टेबलामागच्या माणसाला ते दुसरं पत्र वाचून हायसं वाटावं की काळजी वाटावी? अंजली भाटी किंवा ती इंग्लंडची वेरा असती तर दुसऱ्या पत्रानंतर जास्त खेकसली असती. "कुणी लिहायला लावलं हे? बस इथे. पाणी पी. खरं सांग." मला हवा असलेला कडकपणा हा.

आता थोडं माझ्या विषयाबद्दल, म्हणजे भाषेबद्दल. मी मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे वस्तीतल्या बायका माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. रेशनकार्डाचा, शाळेच्या दाखल्याचा, कधीकधी पोलीस ठाण्याचा. यातल्या पुष्कळ जणी उत्तर प्रदेशातून लग्न होऊन आलेल्या, उर्दू वाचणाऱ्या, मराठी समजणाऱ्या पण कागदावरच्या मराठीला घाबरणाऱ्या. एकदा एक बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, तक्रार नहीं करनी है, बस साहब को बताना है।" मी विचारलं, मग आपण एवढा वेळ काय करतोय? मग उलगडा झाला. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. उर्दूत तकरार म्हणजे भांडण, हुज्जत. तिला वाटत होतं, अर्जात 'तक्रार' लिहिलं तर साहेब म्हणतील, ही बाई आमच्याशी भांडायला आली.

मजा बघा, पोलीस ठाण्याची सगळी मराठी फारसी-अरबी शब्दांनी भरलेली आहे. फिर्याद, जबाब, गुन्हा, इसम, मजकूर, हवालदार. उर्दू वाचणाऱ्याला ती सोपी जायला हवी. पण शब्द ओळखीचे आणि अर्थ सरकलेले, यासारखी दिशाभूल नाही. 'गुन्हा दाखल करू का?' म्हटलं की बाईच्या कानावर 'गुनाह' पडतो, म्हणजे पाप. पाप मी केलं का? 'जबाब द्या' म्हटलं की तिला वाटतं, मलाच जाब विचारतायत. मार खाल्ला मी, आणि जवाबही मीच द्यायचा? आणि कागदाच्या शेवटी ते वाक्य असतंच, की जबाब वाचून दाखवला आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बहुतेक वेळा तो इतक्या घाईने वाचला जातो की बाईला शेवटचे दोन शब्दच ऐकू येतात, आणि ती सही करते.

या सगळ्या शब्दांत एकच शब्द मला आशेचा वाटतो. फिर्याद. उर्दूत फरियाद म्हणजे नुसती तक्रार नव्हे, फरियाद म्हणजे हाक. माणूस अल्लाहकडे करतो ती फरियाद. मराठी कायद्याने हाच शब्द घेतला आणि हाक मारणाऱ्याला 'फिर्यादी' म्हटलं. पण फिर्यादीतली हाक ऐकू यायला समोरचा कान तसा लागतो.

कुणी म्हणेल, मॅडम, तुम्ही पोलिसांचं उदात्तीकरण करताय. ज्यांच्या लाठीची भीती आपल्या पोरांना आहे, त्यांच्याच मालिका बघून तुम्ही खूश. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल म्हणाले होते की 'सिंघम'सारख्या चित्रपटांतून घातक संदेश जातो. ते खरंच आहे. पडद्यावर साहेब जागच्या जागी न्याय करतो तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनी विचारायला हवं, उद्या त्या हाताखाली कोण असेल? भिवंडीत हा प्रश्न नवीन नाही. म्हणूनच कडक आणि क्रूर यांत फरक करायला हवा. चंद्रमुखी चौटालाची थप्पड मला नको. हाताखालचा माणूस टाळाटाळ करतो तेव्हा त्याच्यावर आवाज चढवणारी, वरून फोन आला तरी फाइल बंद न करणारी आणि खुर्चीत बसलेल्या फिर्यादीसमोर आवाज उतरवणारी बाई मला हवी. कडकपणा वरच्यांशी आणि बरोबरीच्यांशी, नरमाई खालच्यांशी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलटं चालतं, पोलीस ठाण्यात आणि शाळेतसुद्धा.

शिवाय एका चांगल्या बाईवर सगळं सोपवून चालत नाही. तिची बदली होते. भिवंडीचंच उदाहरण घ्या. १९८४च्या दंगलीनंतर हे शहर बदनाम झालं होतं. पुढे सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि वस्तीतली दोन्ही समाजांची माणसं नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडेंनी त्यावर पुस्तकच लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' तोपर्यंत खोपडेंची इथून बदली झालेली होती, हे लक्षात ठेवायला हवं. अधिकारी गेला तरी बसण्याची सवय उरली होती. बाईच्या फिर्यादीसाठीही अशीच सवय लागायला हवी, नायिका असो वा नसो.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही, आहे तो पुरे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती घेतली पाहिजे, तोंडी सांगितलं तर लिहून घेऊन वाचून दाखवलं पाहिजे, आणि नोंदीची प्रत फुकट दिली पाहिजे. ठाण्यात घेतलं नाही तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. अंबाडी ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते, म्हणजे तो कागद ठाणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. साक्षीदार म्हणून बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, चौकशीला तिच्या राहत्या जागी यावं लागतं. एवढं जरी आपल्या बायकांना पाठ असलं तरी खुर्चीतला माणूस थोडा सरळ बसेल. आणि एक काम जमातीचं, मशिदीच्या कमिटीचं. "घर की बात घर में" हे वाक्य मारहाणीला लावू नका. 'दहाड'मधल्या मुलींचे खुनी खूप होते. त्यांतला एक सायनाइड देणारा, बाकीचे इज्जतीपायी गप्प बसलेले.

शेवटी माझ्या वर्गातल्या मुलींबद्दल. "मला काय व्हायचं आहे" या निबंधात दरवर्षी काही मुली 'पोलीस' लिहितात. पूर्वी डॉक्टर आणि टीचर एवढंच असायचं. रेल्वे सुरक्षा दलाच्या उपनिरीक्षक रेखा मिश्रा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर घरातून पळून आलेली, चुकलेली, पळवलेली शेकडो मुलं शोधून काढतात. २०१८मध्ये त्यांचं काम दहावीच्या मराठीच्या पुस्तकात आलं. गर्दीतल्या कुठल्या मुलाच्या नजरेत भीती आहे हे ओळखणं, ही त्यांची तपासाची पद्धत. मालिकेतल्या बाईपेक्षा हे उदाहरण मला जास्त उपयोगी पडतं, कारण ते मुलींना पेपरातही लिहिता येतं.

पण निबंध लिहिणं वेगळं आणि भरतीला उभं राहणं वेगळं. महाराष्ट्रात पोलीस भरतीत बायकांसाठी ३० टक्के जागा आहेत. शारीरिक चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळाफेक असते. लेखी परीक्षेत गणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. आमच्या मुली व्याकरण करतील, ते माझं काम आहे. ८०० मीटरचं काय? पहाटे मैदानावर पळायला कुठल्या मुलीला घरून सोडतात? मैदान असलं तर कपड्यांवरून चर्चा, कपडे ठरले तर सोबतीवरून. ज्या बापाला पोलीस ठाण्यात आपलं कुणी ऐकत नाही याचं दुःख आहे, त्याच बापाला मुलगी पळताना लोकांनी पाहिलेली चालत नाही. हे दोन्ही एकत्र कसं जमणार?

'दहाड'च्या शेवटी अंजली भाटी वडिलांनी बदललेलं आडनाव सोडून आपलं मूळचं 'मेघवाल' पुन्हा लावते. ज्या नावाने तिच्या बाजूला अगरबत्ती लागत होती, तेच नाव ती वर्दीवर घेते. मला वाटतं, आमच्या मुलींपैकी एखादीने आपल्या नावासकट त्या खुर्चीत बसावं. ती चिडकी निघाली तरी चालेल, माझी तक्रार नाही. कारण समोरची बाई "तक्रार नहीं करनी" म्हणाली की तिला घरी पाठवायचं नसतं, हे तिला कुणी शिकवावं लागणार नाही. तिला दोन्ही भाषा येत असतील.